सायलेन्सर पकडलेत, आता स्प्रिंगाही बघा

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आम्ही पत्रकार हौसेनं छापतो. मीही छापलेत. पण पोरं गाडीत आणखी एक बदल करतात. त्याचा आवाज येत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

माझ्या भाच्यानं जुनी पोलो जीटी घेतली. पोरांच्या भाषेत गरिबाची स्पोर्ट्स कार. आठवड्याच्या आत ती खाली बसवून आणली. "मामा, बघ कशी रस्त्याला चिकटून पळते!" काय केलंस विचारलं, तर गॅरेजवाल्यानं चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला होता. खर्च किरकोळ.

संध्याकाळी बायपासवर शेजारी बसलो. ऐंशीच्या स्पीडला पुलाचा जॉइंट आला, गाडी आदळली आणि तोंड हातभर बाजूला सरकलं. शेजारच्या लेनमध्ये उसाच्या दोन ट्रॉल्या. रिफ्लेक्टर नाही, काही नाही. वाचलो, एवढंच.

स्प्रिंग कापली की ती बुटकी होते, तशी कडकही होते. शॉकॲब्सॉर्बर मात्र तोच, मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला. त्याला ती आवरत नाही. चाकाला वर जायला जागा उरत नाही, सगळं रबरी स्टॉपरवर आपटतं आणि टायर रस्ता सोडतो. टायरच टेकलेला नाही म्हटल्यावर ब्रेक काय नि स्टेअरिंग काय!

रेसवाले गाडी खाली घेतात हे खरं. पण ते स्प्रिंग आणि शॉक जोडीनं बदलतात, मग अलाइनमेंट करतात. शिवाय ट्रॅक गुळगुळीत असतो. तिथे चाकं वरून दोन-तीन अंश आत झुकवली की वळणावर पकड वाढते. तीच गाडी रोज सरळ हायवेवर पळवा, टायरची आतली कड खलास. दोन्हीकडे चालवायची तर आधी चांगले टायर, मग झिजलेले बुश, मग मूळ उंचीच्या आसपास ठेवणारे चांगले शॉक. यात दिसायला काहीच नाही, म्हणून पोरांना पटत नाही.

बरं, ट्रॅक आहेत कुठे? चेन्नईजवळ, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडात. इथल्या पोराला परवडणार कसं? मग बायपासचाच ट्रॅक होतो. आणि आपले स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसचं माप 10 सेंटीमीटर उंच, 3.7 मीटर रुंद. आपल्या गल्लीतला टेप लावून मोजा एकदा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग बघून कुणाला दंड झाल्याचं मी तरी आमच्याकडे ऐकलं नाही. साहेबांनो, नाक्यावर सायलेन्सर तपासताना दोन मिनिटं वाकून चाकामागेही टॉर्च मारा. आणि पोरं कुठे स्प्रिंगा कापून घेतात, ती गॅरेजंही बघा.

भाच्यानं कंपनीच्या स्प्रिंगा परत बसवल्या. कापलेल्या चारही माझ्या टेबलावर पडल्यात. पुढच्या मोहिमेच्या फोटोसाठी हव्या असतील तर घेऊन जा.