जुलैतली मोजणी, फडावरची मुले

4 जुलै 2015 या एका दिवसात महाराष्ट्राने आपली शाळाबाह्य मुले मोजली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदाराला लावतात तशी शाई लावली आणि संध्याकाळपर्यंत काम आटोपले. मग आकड्यावरून वाद पेटला. कार्यकर्त्यांनी तो कमी ठरवला, सरकारने बचाव केला. मोजणीसाठी महिना कोणता निवडला, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

जुलैत बीडचा ऊसतोड कामगार आपल्या गावी असतो. त्याची मुलेही गावच्या शाळेत, पटावर आणि वर्गातही असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची गाडी दारात येते. उचल घेतलेले जोडपे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरते, ते मार्च-एप्रिलमध्ये परतते. आईबाप पहाटे फडात गेले की नऊ-दहा वर्षांची पोर कोपीपाशी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. गावच्या पटावर तिचे नाव मात्र शाबूत असते. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाते. मग ते नाव कोण कशाला कमी करील?

महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूलही आपल्याकडे शाळाबाह्य धरले जाते. व्याख्या चांगली आहे, पण जून-जुलैत शाळा नुकती उघडलेली असताना ती लावायची कोणाला? मधल्या काळात फेरमोजण्या झाल्या. तरी शाळाबाह्य मुले शोधण्याचे 2022 चे ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ पुन्हा 5 ते 20 जुलैचेच! हंगामी वसतिगृह आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत सामावून घेणारे शिक्षण हमी पत्रक या कामाच्या सोयी आहेत. पण त्या किती मुलांसाठी करायच्या हे ज्या आकड्यावर ठरणार, तोच अवेळी घेतलेला.

सरकारला मोजता येत नाही असे नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली आणि कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले. तिथे अनुदानाचा पैसा वाचवायचा होता. नसलेली मुले शोधताना जी तडफ दिसली, ती असलेली मुले शोधताना दिसत नाही.

पण दोष एकट्या सरकारचा नाही. शिक्षण हक्काची बाजू मांडणाऱ्या संघटनांची निवेदने पाहा. ‘हजारो मुले वंचित’ हे वाक्य बहुतेकांत असते. हजारो म्हणजे किती, कोणत्या गावची, कोणत्या महिन्यात, असे अधिकाऱ्याने विचारले की शिष्टमंडळ एकमेकांकडे बघते. अधिकाऱ्याला तेवढेच हवे असते.

मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पातल्या शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी संधी ठेवली नव्हती. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त 18 पोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी मांडले. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी 2 रुपये 2 आणे 9 पै वसूल करते, हेही. जेवढे लोकांकडून दारूपोटी घेता, निदान तेवढे शिक्षणावर खर्चा, ही मागणी त्या हिशेबातून आपसूक निघाली. आकडे सरकारचेच होते, ते शेजारी-शेजारी मांडण्याचे काम त्यांचे.

ते काम आजही करता येते आणि त्याला पीएचडी लागत नाही. माहिती अधिकारात डिसेंबरचा हजेरीपट आणि त्याच तारखांची पोषण आहाराची नोंद मागवा, दोन्ही एकमेकांशी ताडून बघा. फडावर जाऊन मुलाला ‘शाळेत जातोस का?’ असे विचारू नका, तो हो म्हणणारच. ‘शाळेत शेवटचा कधी बसलास, त्या दिवशी काय शिकवलं?’ असे विचारा. कमी पटाची शाळा बंद होणार असेल तर निषेधाचा ठराव नंतर करा. आधी वाडीपासून नव्या शाळेपर्यंत पहिलीतल्या मुलाबरोबर पावसाळ्यात चालत जा आणि वाटेतला ओढा नोंदवा. पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे राज्याचे नियम सांगतात. नकाशावर सरळ रेघ ओढली की अंतर बसते, पायवाटेने बसतेच असे नाही. मुलांची नावे मात्र गुप्त ठेवा. नाव फुटले तर मुकादम आईबापाला जाब विचारील.

शिक्षण विभागाकडे आमची मागणी एकच आहे. शाळाबाह्य मुलांची पुढची मोजणी गाळप हंगाम ऐन भरात असताना, डिसेंबरात करा. ती गावात करा आणि फडावरही करा, आणि दोन्हीकडचे आकडे तालुकावार जाहीर करा. विभाग हे करणार नसेल, तर संघटनांनी यंदा एका तालुक्यापुरते तरी करून दाखवावे.