कॉलेजांतील समाजमाध्यमें व घरांतील समजुती

मुलगी कॉलेजांत जाऊं लागली कीं तिच्या हातीं मोबाइल द्यावा कीं न द्यावा, हा वाद मध्यम स्थितींतील कोणत्याहि घराला चुकलेला नाहीं. आजोबांच्या मतें तें यंत्र म्हणजे अभ्यासाचा शत्रु; वडील म्हणतात, आतां सारें कॉलेजच त्या यंत्रांत शिरलें आहे; आणि आई दोघांचेंहि थोडें थोडें खरें धरून परीक्षेच्या महिन्यांत तो कपाटांत ठेवते व कुलूप लावते. मौज अशी कीं, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब या समाजमाध्यमांचा उच्च शिक्षणांत प्रत्यक्ष उपयोग काय होतो हें या वादांत कोणीच विचारीत नाहीं. तें पाहावयाचें तर पन्हाळा तालुक्यांतील कोडोलीइतकी सोईची जागा क्वचितच सांपडेल.

कोडोलीच्या शेजारींच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनीं सहकारी साखर कारखान्याभोंवतीं जो संसार उभा केला त्यांत १९६४ सालीं यशवंतराव चव्हाण वारणा महाविद्यालय निघालें व १९८३ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय. पुढें १९९८ सालीं केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार व वारणेचा सहकारी समूह यांनीं मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ नांवाची योजना येथें आणली. परिसरांतील सत्तर खेड्यांत संगणक बसवावयाचे, ते एकमेकांस जोडावयाचे, आणि शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शिक्षणाची व नोकरीची माहिती हें सर्व शेतकऱ्याच्या दारीं आणावयाचें, असा तिचा मोठा संकल्प होता. तिचा गाजावाजाहि तसाच झाला. सुमारें आठ वर्षांनीं बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेंतील संशोधकांनीं पाहणी केली, तेव्हां त्यांस आढळलें कीं तीं यंत्रें मुख्यत्वेंकरून एकाच कामीं येत आहेत: ऊस किती गेला, खत किती मिळालें, पैसे किती झाले. मग त्यांनीं सात खेड्यांत संगणकाऐवजीं साधा मोबाइल ठेवून तेंच काम एस.एम.एस.नें करून दाखविलें. आणि शेतकऱ्यांस तें अधिक पसंत पडलें.

या हकीकतीस आम्ही अपयश म्हणत नाहीं. ज्याचा ऊस तुटून गेला आहे त्यास वजनाचा आंकडा वेळेवर कळणें ही लहान गोष्ट नव्हे. पण यंत्र आलें म्हणजे ज्ञान आलें, ही समजूत ज्या मातींत एकदां तपासून झालेली आहे, तिच्यांतच ती आज कॉलेजच्या निमित्तानें पुन्हां उगवावी याचें नवल वाटतें. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतें तें काय? उद्यांचा तास रद्द, प्रात्यक्षिकाची तुकडी कोणती, परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत. म्हणजे पुन्हां वजनाचा आंकडाच! तो शिक्षण नव्हे. परंतु तो चुकला तर शिक्षण अडतें.

हेंच घरांतील मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन वर्ग बंद पडले तेव्हांपासून सूचना मोबाइलवर धाडण्याची संवय कॉलेजांस जडली, ती वर्ग पुन्हां उघडल्यावरहि गेली नाहीं. अशा स्थितींत मुलीचा मोबाइल काढून घेणारी आई तिचें मन अभ्यासाकडे वळवीत आहे असें समजते. वस्तुतः ती तिला नोटीस-बोर्डापुढून हांकलून देत असते. मुलाचें फारसें अडत नाहीं. तो संध्याकाळीं मित्राच्या घरीं जातो, चौकांत उभा राहतो, कोणाच्या तरी मोबाइलवर चार सूचना वाचून येतो. एस.टी.नें कोल्हापूरला जाऊन दिवेलागणीस परत येणाऱ्या मुलीला तो चौक कोठला?

आणि पुष्कळ घरांत तर काढून घेण्याचाहि प्रश्न उद्भवत नाहीं, कारण मुलीचा म्हणून कॉलेजला कळविलेला क्रमांक तिचा नसतोच. तो वडिलांचा असतो, नाहींतर दादाचा. सूचना दादाच्या खिशांत येऊन पडते. दादा कामावर असतो. रात्रीं जेवतांना आठवण झाली तर सांगतो, न झाली तर नाहीं. यांत दादाचा दुष्टपणा मुळींच नाहीं, त्याला त्या तारखेचें महत्त्व ठाऊक नसतें इतकेंच. पण परीक्षेच्या अर्जाची मुदत टळली तर विलंब-शुल्क भरावें लागतें, आणि शिष्यवृत्तीची टळली तर त्या वर्षाचे पैसे हातचे जातात. ज्या घरांत मुलीचें शिक्षण त्या पैशांवर चाललेलें असतें, तेथें ‘आतां पुरे’ हे शब्द अशाच एखाद्या रात्रीं उच्चारले जातात. शिवाय दादाच्या नांवानें ग्रुपमध्यें असलेल्या मुलीनें अध्यापकांस शंका विचारावी तरी कशी?

हें झालें घरचें. कॉलेजचालकांची समजूत याच्या उलट आहे: ग्रुप काढला, त्यावर पी.डी.एफ. टाकली, कीं शिकविणें झालें. अध्यापक पन्नास पानें धाडतात, विद्यार्थी अंगठ्याचें चिन्ह उठवितात, आणि पानें दोन्हीकडे तशींच राहतात. वरिष्ठांची दृष्टिहि फारशी निराळी दिसत नाहीं. जुलै २०१९ मध्यें केंद्राच्या तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयानें उच्च शिक्षणसंस्थांस पत्र धाडून प्रत्येकीनें एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमावा, फेसबुक, ट्विटर व इन्स्टाग्राम यांवर संस्थेचीं खातीं उघडावीं आणि विद्यार्थ्यांचीं खातीं त्यांस जोडावीं असें सुचविलें होतें. ही पाळत होय, असा ओरडा झाला, तेव्हां सक्ति नसल्याचा खुलासा आला. सांगितलेला हेतु चांगल्या कामांची वार्ता सर्वत्र पोंचावी हा होता. प्रसिद्धि वाईट नव्हे. पण ती अध्यापनाच्या खात्यावर मांडूं नये.

समाजमाध्यमांतून शिकतांच येत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. आजोबा ज्यास नाटक-गाण्यांचें यंत्र म्हणून नाक मुरडतात त्या यूट्यूबवरच सात आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ सालीं सुरू केलेल्या एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमाचीं व्याख्यानें आहेत. एकेका विषयाचीं तीस-तीस, चाळीस-चाळीस, आणि विनामूल्य. कोडोलींतील मुलीला मद्रासच्या प्राध्यापकाचें व्याख्यान ओसरीवर बसून ऐकतां येतें, ही आमच्या मतें या शतकांतील फार मोठी गोष्ट आहे. तीं बहुतेक इंग्रजींत असल्यामुळें पहिल्या वर्षीं जड जातात हेंहि खरें. पण वही घेऊन, थांबवून, मागें नेऊन तासभर ऐकणें निराळें आणि अर्ध्या मिनिटाचे तुकडे बोटानें सरकवीत बसणें निराळें. पडदा एकच असला तरी दुरून पाहणाऱ्या आजोबांस हा भेद दिसत नाहीं. (फेसबुक प्रथम २००४ सालीं हार्वर्ड येथील विद्यार्थ्यांपुरतेंच निघालें होतें. म्हणजे तें बाहेरून कॉलेजांत शिरलें नाहीं, कॉलेजांतून बाहेर पडलें आहे!)

राहिली वडिलांची आवडती समजूत: ‘आजकालच्या पोरांना यांतलें सगळें कळतें.’ २००१ सालीं मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकानें नव्या पिढीस त्या यंत्रयुगाचे जन्मजात रहिवासी अशा अर्थाचें नांव दिलें, आणि तेव्हांपासून वडील माणसांनीं हात झटकले. पोरांना बटणें कळतात. आलेला मजकूर खरा कीं खोटा, कोणी लिहिला, आपण पुढें धाडला तर काय होईल, हें बटणांत नसतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवर पसरलेल्या अफवेवरून, पांच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावानें जीव घेतला; त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यावर बंधन घालण्यास आरंभ केला. आणि खुद्द कोल्हापुरांत ७ जून २०२३ रोजीं, कांहीं तरुणांनीं मोबाइलच्या ‘स्टेटस’वर ठेवलेल्या मजकुरावरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, जिल्ह्यांतील इंटरनेट बंद ठेवावें लागलें. स्टेटस चोवीस तासांनीं आपोआप नाहींसें होतें, म्हणून तें खासगी, असें मुलांस वाटतें. त्याचें छायाचित्र दुसऱ्यानें काढून ठेवलें कीं तें नाहींसें होत नाहीं, आणि पोलिसांतील नोंद तर मुळींच होत नाहीं. पुढें नोकरीच्या वेळीं चारित्र्याचा दाखला मागतात तेव्हां ती उघडते. हें समजावून देण्याचें काम कॉलेजचें आहे, तितकेंच घरचेंहि. आणि ज्या घरांत मोबाइल कुलपांत असतो तेथें तें बोलणें निघतच नाहीं.

कॉलेजांस आमची सूचना एवढीच कीं मोबाइलवर धाडलेली प्रत्येक मुदतीची सूचना व्हरांड्यांतील फळ्यावरहि लावावी. ती फळी अजून जागच्या जागीं आहे. आणि आमच्या वाचकभगिनींस विनंति अशी: प्रवेशाच्या अर्जांत विद्यार्थ्याच्या मोबाइलसाठीं एक ओळ असते. आपल्या मुलीच्या अर्जांत त्या ओळींत कोणाचा क्रमांक लिहिला गेला आहे तें एकवार पाहावें, आणि दादाचा निघाल्यास कचेरींत लेखी देऊन तो बदलून मागावा.