बालसंगोपन : वरचे दूध आणि इसब

“लहानपणी मला इसब होता; बाळाच्या वडिलांना दमा आहे. अंगावरचे दूध पुरत नसल्याने डॉक्टरांनी वरचे दूध सुरू करण्यास सांगितले आहे. बाळाला इसब होऊ नये म्हणून महागाची खास भुकटी घ्यावी काय?” असा प्रश्न एका वाचक भगिनीने विचारला आहे.

भगिनींची चिंता रास्त आहे. इसबाची प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. अशा बालकाच्या त्वचेत ओलावा टिकत नाही. ती कोरडी पडते आणि गालांवर, पुढे कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणीत, खाज सुटून लाल चट्टे उठतात.

खास भुकटीत गाईच्या दुधातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात. ते शरीरास परके वाटणार नाहीत व ॲलर्जी टळेल, ही त्यामागील कल्पना. जर्मनीत १९९५ ते १९९८ या काळात, ॲलर्जी असलेल्या घराण्यांतील २,२५२ अर्भकांवर हा प्रयोग झाला. अशा तीन भुकट्यांपैकी दोहोंच्या बाबतीत इसबाचे प्रमाण साध्या भुकटीपेक्षा कमी आढळले. परंतु एका प्रयोगावरून नियम ठरत नाही. २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक प्रयोग एकत्र पारखण्यात आले, तेव्हा या समजुतीस भक्कम आधार मिळाला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २००८ सालचे आपले काहीसे अनुकूल मत २०१९ साली बदलले.

तेव्हा केवळ इसब टाळण्यासाठी अधिक पैसे खर्चण्याचे कारण नाही. साधी शिशु-भुकटी चालेल. महागाचा डबा पुरवून वापरण्यासाठी त्यात पाणी वाढविले, तर बाळाचे पोषणच घटते. हा धोका खरा आहे. पाणी उकळलेले, भांडी स्वच्छ आणि माप डब्यावर सांगितल्याप्रमाणेच असावे. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने तोही उपाय नव्हे.

मात्र बाळाला दुधाची ॲलर्जी असल्याचे निदान झाले असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेली भुकटी हे औषधच होय. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी.

अंगावरचे दूध थोडे येत असले तरी ते बंद करू नये. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली स्तनपानास उत्तेजन दिलेल्या गटात पहिल्या वर्षी शेकडा ३.३ बालकांना इसब झाला; इतरांत हे प्रमाण ६.३ होते. शिशु-भुकटीच्या जाहिरातीस आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

इतके करूनही इसब झालाच, तर मातेने स्वतःस दोष देऊ नये. दूध कमी पडले म्हणून तो झाला, असे म्हणता येत नाही. त्वचा मऊ ठेवणारे मलम नियमित लावावे आणि वेळीच डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक मुलांत वय वाढते तसा हा त्रास ओसरतो.