मोतीचा खाऊ

स्वयंपाकघरासाठीं राखलेल्या या पानावर कुत्र्याच्या खाऊचा विषय निघालेला पाहून कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांतून नित्य वैश्वदेव होत असे, तेथें बलिहरणाच्या वेळीं श्वानाचाही वाटा भुईवर ठेवला जाई. तेव्हां हा विषय आमच्या घरांना परका नाहीं. त्या काळीं वाटा ठेवणारा हात एकच असे, आणि आज घरांतले सगळेच हात पुढें येतात, एवढाच काय तो फरक. तो केवढा पडतो हें आम्हांस गेल्या गणेशचतुर्थीस कळलें.

इन्सुलीला आमच्या घराच्या खळ्यांत मोती नांवाचा एक गांवठी कुत्रा राहतो. मुंबई-गोवें हमरस्ता गांवावरून जातो, गोव्याची हद्द जवळच. रात्रीं-बेरात्रीं वाहनांची ये-जा चालूच असते. मोती आहे म्हणून घरांतलीं माणसें निर्धास्त निजतात. एरवीं आम्ही घरांत सहा माणसें. चतुर्थीला मात्र मुंबई, पुणें, बेळगांव येथून सारीं बिऱ्हाडें गोळा होतात आणि पंक्तीला वीस पानें मांडावीं लागतात. या विसांपैकीं प्रत्येकाला मोती आपलाच वाटतो.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आरतीनंतर खिरापत वांटली. पंचखाद्य म्हणजे काय तें वाचकांस सांगावयास नको: खारीक, खोबरें, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. मुलांनीं आपापल्या मुठींतली थोडी थोडी मोतीला घातली, आणि थोरांनींही तेंच केलें. रात्रीं त्याला दोनदां ओकारी झाली. सकाळीं पेजेचें भांडें पुढें ठेवलें तरी त्यानें मान उचलली नाहीं. नारळ पाडायला आलेला आमचा जुना गडी त्याच्यापाशीं बसला आणि वहिनींना म्हणाला, “बाईनू, ह्येच्या पोटात कायतरी गेलाहा. डाक्टराकडे न्हेवा.”

पशुवैद्यांनीं दोनच प्रश्न विचारले: काय खाल्लें, आणि किती खाल्लें? पहिल्याचें उत्तर तत्काळ मिळालें. दुसऱ्याला मात्र बरोबर गेलेल्या चौघांनींही “मीं थोडेंसेंच दिलें” एवढेंच सांगितलें. घरीं विचारलें तर तेथेंही प्रत्येकानें थोडेंसेंच दिलें होतें. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें ३ ग्रॅम मनुक्यांनींही मूत्रपिंडें निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. मोतीचें वजन १५ किलो. म्हणजे ४५ ग्रॅम, एक चांगली मूठभर. एखादा कुत्रा याहून अधिक खाऊनही धडधाकट राहतो, एखादा एवढ्यानेंच जातो. म्हणून निर्भय असें प्रमाण कोणी सांगत नाहीं. खाल्ल्यावर तास-दोन तासांत नेलें असतें तर ओकवून पोट मोकळें करतां आलें असतें. तें त्यांनींच करावयाचें. घरीं मीठ पाजून ओकारी आणण्याचा प्रयत्न करूं नये, त्यानें दुसराच अपाय होतो. आमची तर सारी रात्र वायां गेली होती. तीन दिवस मोतीला शिरेवाटे सलाईन द्यावें लागलें. त्या तीन दिवसांत आमच्या सहा वर्षांच्या पुतणीनें मोदकाला हात लावला नाहीं. मोतीला आपणच मारलें, असें तिनें मनाशीं धरलें होतें. चौथ्या दिवशीं तो घरीं आला तो अशक्त, पण आपल्या पायांनीं चालत.

द्राक्षें व मनुके कुत्र्यांस कां बाधतात, हें पुष्कळ वर्षें कोडेंच होतें. २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं द्राक्षांतील टार्टारिक आम्लावर बोट ठेवलें. पुढील वर्षीं चिंच खाल्ल्यानें कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणेंही प्रसिद्ध झालीं, आणि चिंचेंत हेंच आम्ल विपुल असतें. तेव्हां चिंचेच्या आमटींत कालवलेला उरलासुरला भात कुत्र्यापुढें ओतण्याची चाल सोडावी. कांदा व लसूण कच्चे असोत कीं शिजलेले, ते त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट वर्ज्यच. घरांत कोणास मधुमेह असेल तर बिनसाखरेच्या गोळ्या व च्युइंगम फार जपून ठेवावें. त्यांत झायलिटॉल असल्यास कुत्र्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. आमच्या भागापुरतें आणखी एक सांगतों: काजूच्या बियांच्या सालींतील तेलानें तोंड पोळतें, म्हणून हंगामांत बियांचा ढीग उघडा टाकूं नये. नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले, त्या कथेंतील भाव थोर. पण रोज तूप घातल्यास स्वादुपिंडाचा दाह होण्याचें भय असतें.

मग द्यावें काय? बाजारांत कुत्र्यांचीं बिस्किटें पुष्कळ मिळतात. या धंद्याचा आरंभ जेम्स स्प्रॅट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें १८६० च्या सुमारास लंडनमध्यें केला. जहाजावरचीं कडक बिस्किटें कुत्रे आवडीनें खातात हें पाहून त्यास ती कल्पना सुचली, असें सांगतात. कल्पना चांगली, पण ती घरींही साधते. कुत्र्याला धान्य पचत नाहीं हा समज खरा नव्हे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसाचें जनुक लांडग्यापेक्षां कुत्र्यांत कितीतरी अधिक वेळां आढळतें. माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर हजारों वर्षें वाढल्याचा हा परिणाम असावा. आमच्या मोतीची पेज व भाकरी म्हणूनच त्याला मानवते. मात्र धान्य पूर्ण शिजलेलें पाहिजे.

आमच्या वहिनींनीं बसविलेलें प्रमाण असें: नाचणीचें पीठ २ वाट्या, तांदुळाचें पीठ अर्धी वाटी, वाफवून कुस्करलेला तांबडा भोपळा १ वाटी, खोबरेल १ चहाचा चमचा. मीठ, साखर, गूळ कांहीं नाहीं. भोपळ्याच्या ओलाव्यांतच पीठ घट्ट मळावें, लागलें तरच पाणी घ्यावें. जाड पुरीएवढें लाटून कातण्यानें शंकरपाळ्यांसारखे लहान तुकडे पाडावे. ओव्हन असेल तर १६० अंशांवर अर्धा-पाऊण तास. नसेल तर जाड तव्यावर मंद आंचेवर झांकण ठेवून, मधून मधून उलटून, आंतपर्यंत कोरडे होईतों भाजावे. जे घरीं अंडें आणतात त्यांनीं एक अंडें घालण्यास हरकत नाहीं. आमच्या घरीं तें चालत नाहीं, आणि मोतीनें त्याबद्दल तक्रार केलेली नाहीं. कोंकणची हवा दमट, म्हणून निवाल्यावरच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावे. उन्हाळ्यांत आठ दिवस, पावसांत चारच. बुरशीचा किंचितही वास आला तर सबंध डबा टाकावा; बुरशीचें विष पुन्हां भाजल्यानें जात नाहीं.

एवढ्या पिठाचे सुमारें १०० तुकडे होतात. एकेकांत जेमतेम ११ उष्मांक. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला अजमासें ८५० उष्मांक लागतात आणि खाऊचा भाग त्याच्या दशांशाहून अधिक नसावा. म्हणजे सात, फार तर आठ तुकडे. वीस माणसांच्या घरांत प्रत्येकानें दोन दोनच दिले तरी चाळीस होतात, आणि पाकशास्त्र कितीही निर्दोष असलें तरी कुत्रा लठ्ठच होणार. म्हणून आमच्या घरीं आतां मोठा डबा फडताळांत असतो, आणि रोज सकाळीं सात तुकडे मोजून एका लहान डबींत निघतात. ही डबी पुतणी येथें असली म्हणजे तिच्याकडे, नसली म्हणजे वहिनींकडे. ज्याला मोतीला कांहीं द्यावयाचें असेल त्यानें तेथून मागून घ्यावें. संपली कीं संपली. मोतीला तुकड्याच्या आकाराचें कांहींच वाटत नाहीं. एका तुकड्याचे चार केले तरी चारही वेळां शेपूट तितकीच हलते. त्यामुळें हौस कोणाचीच मारली जात नाहीं.

मे महिन्याच्या सुट्टींत दुपारचें वामकुक्षीपूर्वीं आजोबा मोतीसाठीं एक तुकडा मागावयास आले. पुतणीनें बोलण्याऐवजीं डबी उलटी करून दाखविली. आजोबा खळ्यांत जाऊन मोतीची पाठ खाजवीत बसले.