शंभर टक्के टॅली

खरं सांगा, तुम्ही शेवटचं कुठलं काम शंभर टक्के पूर्ण केलंत? जिमचं वर्षाचं पॅकेज? जर्मनचा क्लास? कोपऱ्यात धूळ खात पडलेली ती गिटार? जाऊ दे, मीही त्याच बोटीत. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट मी पूर्ण केली. प्रॉब्लेम इतकाच, की ती रेझ्युमेवर टाकता येत नाही. मी 'लेगो मार्व्हल सुपर हीरोज' हा गेम शंभर टक्के संपवला. नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी नव्हे. शंभर!

गेम तसा जुना, २०१३ चा. ट्रॅव्हलर्स टेल्स या ब्रिटिश स्टुडिओनं केलेला. आयर्नमॅन, हल्क, स्पायडरमॅन, सगळी गँग लेगोच्या प्लॅस्टिकची. व्हिलन डॉक्टर डूम एक शस्त्र बनवतोय आणि त्या शस्त्राचं नाव आहे 'डॉक्टर डूम्स डूम रे ऑफ डूम'. आई शप्पत! या गेममध्ये मरण नाही. पडलात तर थोडे पैसे सांडतात आणि तुम्ही पुन्हा उभे. त्यामुळे पंधरा लेव्हल्स आरामात होतात, शेवटी ग्रह गिळणारा गॅलॅक्टसही आटपतो. आपण कॉलर ताठ करून आकडा बघतो, तर निम्मासुद्धा गेम झालेला नसतो!

कारण खरा हिशेब वेगळाच आहे. २५० गोल्ड ब्रिक्स. प्रत्येक लेव्हलमध्ये दहा मिनिकिट्स, म्हणजे १५०. शिवाय संकटात सापडलेल्या स्टॅन लींना ५० वेळा वाचवायचं. आणि गंमत म्हणजे पहिल्या लेव्हलमधलं सगळं पहिल्या फेरीत मिळतच नाही. चंदेरी वस्तू फोडायला स्फोटकं लागतात, सोनेरी वितळवायला उष्ण किरण. ज्याच्याकडे हवी ती पॉवर आहे, तो गडी तुम्हाला बऱ्याच पुढे भेटतो. मग त्याला घेऊन पुन्हा पहिलीत जाऊन बसायचं. नापास झाल्यासारखं.

एकट्यानं मी हे कधीच केलं नसतं. पण ताईचं बाळंतपण आलं, आई तीन महिन्यांसाठी नागपूरला गेली आणि फ्लॅटमध्ये उरलो मी आणि बाबा. आमचा संवाद म्हणजे 'जेवलास?' आणि 'गॅस बंद केलात?'. मधला सगळा मजकूर इतकी वर्षं आई भरायची. तिसऱ्या दिवशी मी कपाटावरचा जुना पीएस फोर काढला, तो केवळ ती शांतता झेपेना म्हणून.

बाबा पेपरआडून बघत होते.

"हे सगळं फोडतोयस कशाला?"

"फोडलं की स्टड्स मिळतात, बाबा. नाणी."

"कशाचे किती?"

"चंदेरी दहा, सोनेरी शंभर, निळा हजार, जांभळा दहा हजार."

पेपर खाली आला. "मग निळा सोडून चंदेरीच्या मागे काय धावतोयस? अक्कल आहे का?"

पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. निळा सोडलेला त्यांना बघवेना. दुसरा कंट्रोलर कधीही जोडला की दुसरा प्लेअर आत येतो, ही या गेमची बेस्ट सोय. बाबांनी हल्क घेतला. का, तर त्याच्या बाबतीत फार विचार करावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून लांबट रजिस्टर आणलं. लाल पेन, निळं पेन, पट्टी. लेव्हलला एक पान, मॅनहटन शहराला चार पानं. मी म्हटलं, गेममध्ये सगळं दिसतं हो. तर म्हणे, "मशीनचं मशीनपाशी. आपलं आपल्यापाशी." पुढे आम्हाला स्टड्स वाढवणाऱ्या विटा मिळाल्या: दुप्पट, चौपट, सहापट, आठपट, दसपट. बाबांनी बेरीज करून ३० लिहिलं. मी सांगितलं, बेरीज नाही, सगळ्यांचा गुणाकार होतो. त्यांनी कागदावर मांडून पाहिलं. ३८४०. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत म्हणाले, "ही कुठली बँक रे?"

एका रात्री सेंट्रल पार्कच्या आसपास भटकत असताना त्यांनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, "तुझं ऑफिस हल्ली साडेपाचला सुटतं?"

मित्रांनो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, "प्रोजेक्ट गेलं, बाबा. सहा आठवडे बेंचवर आहे."

हल्कनं एक टॅक्सी उचलून आपटली.

"पगार?"

"चालू आहे. अजून तरी."

"आईला सांगितलंयस?"

"नाही."

"बरं. मग मलाही माहीत नाही." आणि दोन मिनिटांनी, "तो निळा घे."

बस, एवढंच. ना लेक्चर, ना सुस्कारा. पण त्या रात्री मला सहा आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

पन्नासावे स्टॅन ली वाचवले तेव्हा ते स्वतःच खेळायला मिळाले. बाबा म्हणाले, हे आजोबा कोण? मी सांगितलं, यातले कितीतरी हीरो ज्यांनी इतरांबरोबर जन्माला घातले, ते हे. २०१८ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. गेममधला आवाजही त्यांचाच. बाबांनी एक बटण दाबून धरलं आणि चष्मेवाले आजोबा धाडकन हल्क झाले. त्यानंतर बाबांनी दुसरं कुणी घेतलंच नाही.

आणि मग घोळ झाला. रजिस्टरवर गोल्ड ब्रिक्स २५०, स्क्रीनवर २४१. मी आईस्क्रीमसुद्धा आणून ठेवलं होतं! मी वैतागलो. बाबांचे डोळे मात्र चमकले.

"फरक नऊचा. नऊनं भाग जातोय म्हणजे आकडे उलटे पडलेत. पाचातून चौदा वेळा हेच असतं."

(पाचातून चौदा कसं, ते विचारायचं नाही.)

अर्ध्या तासात सापडलं. मॅनहटनच्या तिसऱ्या पानावर १२ च्या जागी २१. त्यांच्याच हातचं. चष्मा पुसत ते म्हणाले, "१९९८ मध्ये असंच झालं होतं. २७० रुपयांचा फरक. कुणीतरी १४० चे ४१० लिहिलेले. ताळा जुळल्याशिवाय ब्रँचमधून कुणी हलायचं नाही. साडेनऊला सापडलं. तुझं गॅदरिंग तोवर संपलं होतं."

तिसरीतलं गॅदरिंग. 'बाबांना बँकेत काम आहे' एवढंच आई म्हणाली होती. मी स्टेजवरून सबंध वेळ दाराकडे बघत होतो, हे मला आजही आठवतं. त्यांनाही आठवत असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

"तू त्यात झाड होतास ना?"

"ढग, बाबा."

"हां. ढग."

उरलेल्या नऊ विटांनी आठवडा खाल्ला. त्यात उडायच्या रेसेस होत्या आणि माझा आयर्नमॅन प्रत्येक वळणावर बिल्डिंगला धडकायचा. एका रेसला मी चौदा वेळा हरलो. (पाचातून चौदा, कळलं?) शेवटी शनिवारी रात्री पावणेबाराला कोपऱ्यात शंभरचा आकडा आला. फटाके नाहीत, की काही नाही. नुसता आकडा.

मी फोटो काढायला मोबाइल शोधत होतो. बाबांनी तोवर रजिस्टर उघडलं, निळ्या पेनानं एकूण बेरीज लिहिली, पट्टी धरून खाली लाल दुहेरी रेघ ओढली, तारीख घातली, सही केली. आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"कर. दोन सह्या लागतात."