विश्लेषण : गेममधली पात्रं एआय काढणार, मग नवशिक्या चित्रकारांनी काय शिकायचं?

मुंबईतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज (आयआयसीटी) या संस्थेला पाठबळ देऊन देशातील १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत ‘कंटेंट क्रिएटर लॅब’ उभारण्याची घोषणा १ फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख माणसं लागतील, असा सरकारचा अंदाज आहे. पण या क्षेत्रात नवशिक्यांच्या वाट्याला येणारी काही कामं आता एआय करू लागलं आहे. ‘लेयर्ड स्प्राइट’ हे त्यातलंच एक.

लेयर्ड स्प्राइट म्हणजे काय?

गेममध्ये हलणाऱ्या पात्राच्या द्विमितीय चित्राला स्प्राइट म्हणतात. कागदी बाहुलीला वेगवेगळे कपडे चढवावेत, तसे या पात्राचे केस, डोळे, तोंड आणि कपडे वेगवेगळ्या पारदर्शक थरांवर काढले जातात. पाच केशरचना, चार प्रकारचे डोळे, सहा प्रकारची तोंडं आणि तीन पोशाख काढले, तर चित्रं होतात फक्त १८. पण त्यांच्या अदलाबदलीतून ३६० रूपं मिळतात. मात्र प्रत्येक थर दुसऱ्यावर अचूक बसला पाहिजे.

एआयने वेग कुठे वाढतो?

पात्र कसं दिसावं हे ठरवताना दहा-वीस पर्याय काही मिनिटांत समोर येतात. कपड्यांचे रंग, नक्षी आणि पार्श्वभूमीही झटपट बदलता येते. थर वेगळे करणंही सोपं होत आहे. पारदर्शक थर थेट तयार करणारी ‘लेयरडिफ्यूज’ ही पद्धत २०२४ मध्ये आली. डिसेंबर २०२५ मध्ये अलिबाबाने ‘क्वेन-इमेज-लेयर्ड’ हे मॉडेल खुलं केलं. ते एकाच सपाट चित्राचे अनेक थर पाडून देतं.

मग अडतं कुठे?

सपाट चित्रात केसांमागचं कपाळ किंवा हातामागचा सदरा नसतोच. केसांचा थर उचलला की मागे भोक उरतं. ते एआय अंदाजाने भरतं आणि अंदाज चुकतो. दुसरी अडचण सातत्याची. त्याच पात्राचं हसरं रूप मागितलं, तर कान थोडा सरकतो किंवा बटण गायब होतं. एरवी हे खपून जाईल, पण थर बदलताना पात्र ‘उडी मारताना’ दिसतं. ही दुरुस्ती शेवटी चित्र काढता येणाऱ्यालाच करावी लागते.

बाजारात चालतं का?

चालतं, पण अटींसह. ‘स्टीम’ या गेमविक्रीच्या मोठ्या मंचावर जानेवारी २०२४ पासून एआयचा वापर जाहीर करावा लागतो. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ या गाजलेल्या गेमला डिसेंबर २०२५ मध्ये मिळालेले इंडी गेम अवॉर्ड्स एआयच्या वापरामुळेच काढून घेण्यात आले.

हक्कांचा प्रश्नही आहेच. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती. अमेरिकेत मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिक्समधील मजकूर आणि मांडणीला संरक्षण मिळालं, एआयने काढलेल्या चित्रांना नाही. म्हणजे जगभर विकायच्या गेममधलं पात्र कोणी उचललं, तर दाद मागणं कठीण होऊ शकतं.

मानखुर्दच्या मुलांना काय फरक पडतो?

आयआयसीटीचं कायमस्वरूपी संकुल गोरेगावच्या चित्रनगरीत होणार आहे. मानखुर्दहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलली की गोरेगाव गाठता येतं. अंतर लोकलचं नाही, पहिल्या संधीचं आहे. थर कापणं, कडा साफ करणं, रंग भरणं ही कंटाळवाणी कामं करता करताच नवखे चित्रकार शरीररचना आणि हालचाल शिकतात. तीच कामं एआयकडे गेली, तर शिडीची खालची पायरीच निघते. महागडे क्लास परवडणारे वरच्या पायरीवर थेट पोहोचतील, बाकीच्यांचं काय?

म्हणूनच नव्या लॅबमध्ये काय शिकवणार, हा कळीचा मुद्दा आहे. एआयला सूचना कशा द्यायच्या हे थोड्या दिवसांत जमतं आणि सॉफ्टवेअर बदललं की जुनंही होतं. केसांमागचं कपाळ हाताने नीट काढता येणं मात्र जुनं होत नाही. लॅबमध्ये संगणकाशेजारी कागद-पेन्सिल असेल, तरच २० लाखांच्या आकड्यात मानखुर्दची मुलं दिसतील.