बसून की पार्सल?

गेल्या रमजानमधली गोष्ट. घरी पाहुणे होते, म्हणून इफ्तारसाठी हलीम आणि सीख कबाब अ‍ॅपवरून मागवले होते. मगरिबची अजान सुरू झाली, आम्ही खजूर हातात घेतला आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात विशी-बाविशीतला एक मुलगा. एका हातात आमची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि धाप लागलेली. ओटीपी घेऊन तो वळला तेव्हा अम्मीने विचारलं, "बेटा, रोजा है?" त्याने नुसती मान हलवली.

अम्मीने त्याला आत बोलावलं. "आणखी दोन ऑर्डर बाकी आहेत," असं म्हणून तो आत आलाच नाही. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला आणि तीन मिनिटांत निघून गेला. आमचा इफ्तार वेळेवर व्हावा म्हणून त्याचा लांबला होता.

त्याला धाप का लागली होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे आणि खाली लिफ्टशेजारी पाटी आहे : 'डिलिव्हरी बॉइजनी लिफ्ट वापरू नये.' ही पाटी मी रोज पाहत होते, पण कधी वाचली नव्हती. सोसायटी कोंढव्यातली. राहणारे बहुतेक सगळे आपलेच आणि पाटी लावणारी कमिटीही आपलीच.

म्हणून या वेळचं संपादकीय खाण्यावर आहे. विषय हलका वाटेल, पण आपल्या मोहल्ल्यात कोण कुणासोबत बसतं, कोण बाहेर उभं राहतं आणि कोण येतच नाही, हे खाण्याच्या निमित्ताने जितकं स्पष्ट दिसतं तितकं इतर कुठे दिसत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलात शिरलं की गल्ल्यावरचा माणूस आधी विचारतो, "बसून की पार्सल?" माझं उत्तर गेली कित्येक वर्षं 'पार्सल' हेच आहे, आणि आता तर फोनवर बोट ठेवलं की तेवढंही बोलावं लागत नाही. या सोयीला मी नावं ठेवणार नाही. ऑफिसातून थकून आलेल्या बाईला, परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला, आजारी माणसाला तिचा आधार आहे. आपल्या वस्त्यांतल्या किती तरी बायका घरच्या चुलीवर दालचा-भात, बिर्याणी करून फोनवर ऑर्डर घेतात आणि घर चालवतात. प्रश्न एवढाच आहे, की जेवण दारात येऊ लागल्यावर आपण कुठे जायचं बंद केलं?

ज्या शहरात आपण राहतो त्याला हा प्रश्न नवा नाही. गंज पेठेतल्या मोमीनपुऱ्यात रमजानच्या रात्री खायला जाता ना? तिथून महात्मा फुल्यांचा वाडा जवळच आहे. अस्पृश्य ठरवलेल्यांना सार्वजनिक पाणी मिळत नव्हतं, तेव्हा १८६८ मध्ये जोतीरावांनी या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर पंचहौद मिशन आहे. १८९० मध्ये तिथल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे ही नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडच्या एका कप चहासाठी! त्यानंतरही कित्येक वर्षं रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळं मिळत होतं.

एकत्र बसून खाणं आपोआप आलेलं नाही. इराण्यांच्या हॉटेलांनी त्यातला मोठा भार उचलला. तिथे चहाचे पैसे देणारा कुणीही टेबलाशी बसू शकत होता. पुढे राज्यघटनेने त्यावर शिक्का मारला. कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कुणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना विहिरी आणि रस्त्यांच्या जोडीला हॉटेलचं नाव घ्यावंसं वाटलं, याचा अर्थ हॉटेलातलं टेबल ही त्यांच्या लेखी नागरिकत्वाची जागा होती.

या जागेवर आज पुन्हा ताण आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने झोमॅटोची ऑर्डर रद्द केली, कारण घेऊन येणारा मुलगा हिंदू नव्हता. मार्च २०२४ मध्ये त्याच कंपनीने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. गणवेशाचा रंग पाहून सोसायट्या बाकीच्या मुलांना गेटवरच अडवतील, अशी भीती व्यक्त झाली आणि वेगळा रंग दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी कावड यात्रेच्या मार्गावर उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या खाद्यविक्रेत्यांना आपली नावं पाटीवर लिहायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. कुठल्या प्रकारचं जेवण मिळतं ते दुकानदाराने सांगावं, पण स्वतःचं नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

या प्रत्येक वेळी आपण संतापलो, आणि तो संताप योग्य होता. पण ज्या कलम १५ चा आधार आपण घेतो त्यात धर्मासोबत जात आहे आणि लिंगही आहे. ते कलम हातात घेऊन आपल्याच गल्लीत एक फेरी मारली तर काय दिसतं?

पहिली गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. अब्बा कॅम्पात भोपळा चौकाजवळ रिक्षा थांबवायचे, स्वतः हॉटेलात जायचे आणि अम्मी आणि मी रिक्षात बसून राहायचो. गरम कबाबांची पिशवी मांडीवर घेऊन घरी यायचो. ते कबाब परातीतून उतरताना कसे दिसतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरी लागल्यावर. आजही मोहल्ल्यातल्या कित्येक हॉटेलांत मुलगी दिसली की पोऱ्या बोट वर करतो, "ऊपर फॅमिली है, आपा." वर म्हणजे अरुंद जिना, पडदा, बंद पंखा आणि अर्ध्या तासाने येणारा वेटर. खालची मोकळी हवेशीर टेबलं पुरुषांची. काही हॉटेलांत तर 'वर'सुद्धा नाही. भावांना 'बसून की पार्सल' यात निवड होती. बहिणींसाठी पार्सल हाच एक मार्ग होता आणि अ‍ॅपने तो आणखी गुळगुळीत केला.

पडद्यात बसणं ज्यांना हवं आहे त्यांनी जरूर बसावं. पण ती जागा स्वच्छ असावी, आणि ज्यांना खाली बसायचं आहे त्यांना खाली बसता यावं. रमजानच्या रात्री कौसरबागेत तरावीहनंतर मुली, आया, आज्या रस्त्यावर उभ्या राहून मालपुवा आणि फिरनी खातात, त्याने कुणाचा ईमान कमी होत नाही. जे तीस रात्री चालतं ते उरलेल्या अकरा महिन्यांत का चालू नये?

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. माझी एक सहकारी कोथरूडला राहते. एकदा डबा खाताना म्हणाली, "तुमच्याकडची बिर्याणी आम्ही नेहमी मागवतो गं, पण तिकडे यायचं म्हणजे..." वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मी तिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं. रविवारी दुपारी आम्ही बसून जेवलो. निघताना ती म्हणाली, "खरं सांगू, येताना जरा धाकधूक होती." मग सहज विचारलं, "तू आमच्याकडे मिसळ खायला कधी येतेस?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं ऑफिस तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिच्या भागातल्या मिसळीच्या हॉटेलात मी आठ वर्षांत एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. मनात होतं की स्कार्फ बघून लोक वळून बघतील. म्हणजे धाकधूक दोन्हीकडे होती. तिने तिची बोलून दाखवली आणि मी माझी 'आपल्याला चालत नाही' या तीन शब्दांत गुंडाळून ठेवली होती.

हलालबद्दल विचारणं गैर नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि तो पाळायचा हक्क आपल्याला आहे, जसा शाकाहारी माणसाला त्याचा आहे. पण हलालचा प्रश्न मुख्यतः मांसाचा आहे, दारू आणि चरबीसारख्या पदार्थांचा आहे. मिसळीचा, थालीपिठाचा, वडापावचा, पोह्यांचा तो नाही. तिथे जे आपल्याला अडवतं ते दीन नसतं, अंतर असतं. आमच्यासारखी अनेक कुटुंबं पेठांतून आणि कॅम्पातून कोंढव्यात आली. काही परवडणाऱ्या घरासाठी, काही सुरक्षित वाटावं म्हणून, काही दुसरीकडे घर मिळेना म्हणून. त्यामागची भीती खोटी नव्हती. पण वाड्यात भिंतीपलीकडे असलेला शेजारी आता पाच-सात किलोमीटरवर गेला आहे. वर्षातून एकदा शीरखुर्म्याचा डबा पाठवून आणि दिवाळीच्या फराळाचा फोटो टाकून हे अंतर भरत नाही. रस्सा करताना थोडं पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या, ही शिकवण आपण घरोघरी ऐकतो. शेजारी लांब गेला असेल तर त्याच्यापर्यंत चालत जाणं हेही त्याच शिकवणीत येतं.

तिसरी गोष्ट जिन्यावर बसलेल्या त्या मुलाची. जबलपूरच्या ग्राहकाने डिलिव्हरीच्या मुलाचं नाव पाहून त्याला नाकारलं. आमच्या सोसायटीने नाव विचारलंच नाही, कामावरूनच त्याची पायरी ठरवली. पंचहौदच्या चहाच्या काळात वेगळा पेला असायचा, आज वेगळा जिना आहे. हे काम करणारी बरीच मुलं आपल्याच वस्त्यांतली आहेत, आपले भाऊ, आपले वर्गमित्र. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आले, राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण लिफ्टचं बटण दाबू द्यायला कुठल्या कायद्याची वाट पाहायची?

मग करायचं काय? माझ्यापुरत्या मी काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि तुम्हालाही सुचवते. महिन्यातून निदान दोनदा आपल्याच मोहल्ल्यातल्या हॉटेलात बसून खायचं आणि सोबत एक असा माणूस न्यायचा जो एरवी तिथे आला नसता. महिन्यातून एकदा त्याच्या भागात जायचं. चार-पाच मैत्रिणींनी मिळून हॉटेलच्या मालकाशी बोलायचं : "चाचा, खाली दोन टेबलं आमच्यासाठीही मोकळी ठेवा, आणि वरचा पंखा दुरुस्त करा." पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं दुकानदार ऐकतो, हा माझा अनुभव आहे. जवळच्या हॉटेलातून मागवायचं असेल तर थेट फोन करायचा आणि स्वतः चालत जाऊन आणायचं, म्हणजे कमिशनचे पैसे त्या हॉटेलवाल्याकडेच राहतील. रमजानमध्ये ऑर्डर करायचीच असेल तर असरच्या आधी करायची, मगरिबच्या तोंडावर नाही. आणि दारात आलेल्या माणसाला, तो गणेश असो की इमरान, पाणी विचारायचं.

भावांना एक वेगळी विनंती. पुढच्या वेळी पार्सल आणायला निघाल तेव्हा बहिणीला, बायकोला, आईला विचारा, "येतेस का? तिथेच बसून खाऊ." ती कदाचित पहिल्यांदा नाही म्हणेल. आणखी एकदा विचारा.

लिफ्टच्या पाटीचा विषय मी सोसायटीच्या सभेत काढला. एक जण म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे. दुसरे म्हणाले, तेलाचे डाग पडतात. एका खालांनी मात्र विचारलं, "माझा नातूही हेच काम करतो. त्याने मला भेटायला यायचं तर कुठल्या जिन्याने यायचं?" सभा थोडा वेळ गप्प होती. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि पाटी अजून तिथेच आहे. ती बैठक येत्या महिन्यात आहे. त्या दिवशी मी त्या खालांच्या शेजारी बसणार आहे. तुमच्या इमारतीत अशी पाटी आहे का, ते आज घरी जाताना नीट वाचून बघा.